प्रवासी औषधपेटी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दूरच्या मुलुखात निघालेल्या प्रवाशाच्या सरंजामात औषधपेटी असे खरी. परंतु काचेच्या जड कुप्या, सुटी चूर्णे आणि ती तोलण्याचा तराजू यांमुळे ज्वराने कापणाऱ्या हातांना तिचा उपयोग बेताचाच होई. १८८० साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या बरोज वेलकम कंपनीने औषधे यंत्राने दाबून नेमक्या मात्रेच्या टिकड्या विकावयास आरंभ केला, आणि १८८७ साली आफ्रिकेच्या अंतर्भागात अडकलेल्या एमीन पाशा या प्रांताधिकाऱ्याच्या सुटकेसाठी संशोधक-प्रवासी स्टॅन्ले तेथे शिरला, तेव्हा त्याच्या सामानात याच टिकड्यांच्या औषधपेट्या होत्या. या सुधारणेचे खरे मोल मला क्विनीनच्या टिकडीत दिसते. कारण वैद्य जवळ नसतानाही हिवतापाने ग्रासलेल्या माणसास ती निःशंकपणे देता येई. मात्र ज्या हमालांनी त्या मोहिमेचा भार वाहिला, त्यांच्यातील शेकडो जण तिथल्याच अरण्यात मृत्युमुखी पडले.