गुरुगृहातून वर्गात : गाण्याच्या तासाची कथा



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे बोनस, महागाईभत्ता, टाळेबंदी यांपैकी काहीतरी ऐकावयास मिळणार अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज आम्ही शाळेतील गाण्याच्या तासाविषयी बोलणार आहोत. पोटाचे प्रश्न सोडून यांना सारेगम कोठून सुचले, असे कोणी म्हणेल. परंतु विद्या कोणाला मिळावी आणि कोणत्या अटींवर मिळावी, हा प्रश्न मजुरीच्या प्रश्नाचा सख्खा भाऊच आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडे गाणे शिकावयाचे म्हणजे गुरूच्या घरी राहावयाचे. पाणी भरावे, बाजार करावा, मर्जी सांभाळावी, आणि गुरूच्या मनात येईल तेव्हा एखादी चीज पदरात पडावी. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी वासुदेवबुवा जोशांकडून अशीच कष्टाने मिळवली आणि महाराष्ट्रात आणली. या पद्धतीने थोर गवई घडवले यात शंका नाही. पण ज्याला घरी चार पैसे आणून द्यावयाचे आहेत, त्याच्या मुलाला तिच्यात जागा नव्हती. मुलींना तर बहुधा नव्हतीच.

ही कोंडी फोडण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले. १८७४ साली पुण्यात गायन समाज निघाला. १८८६ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी संगीताची शाळा चालू केली. स्वर कागदावर लिहिण्याची पद्धत बसवली आणि विद्यार्थ्यांच्या हाती पुस्तके दिली. तथापि ही शाळा राजाश्रयावर उभी होती. लोकाश्रयावर शाळा उभी करण्याचे धाडस कुरुंदवाडच्या एका तरुणाने केले.

विष्णू दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८७२ चा. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, शाळेचा मार्ग बंद झाला, म्हणून वडिलांनी मिरजेस बाळकृष्णबुवांकडे गाणे शिकावयास पाठवले. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, ओळखदेख नसलेल्या शहरात, फी भरून कोणीही यावे आणि गाणे शिकावे अशी ही शाळा! ठरलेली वेळ, ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा, छापील क्रमिक पुस्तके. १९०८ साली मुंबईत शाखा निघाली. पुढे मुंबईच्या इमारतीचे कर्ज डोईजड झाले आणि ती वास्तू हातची गेली; पण वास्तू गेली तरी माणसे राहिली. १९३१ साली विष्णू दिगंबर वारले, त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, देवधर ही त्याच शाळेची फळे.

दुसऱ्या बाजूने पंडित भातखंडे काम करीत होते. हे पेशाने वकील. गावोगाव हिंडून उस्तादांच्या कंठातल्या शेकडो चिजा त्यांनी मिळवल्या, त्यांचे लेखन केले आणि क्रमिक पुस्तकांचे सहा भाग सिद्ध केले. ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय १९१८ चे आणि लखनौचे मॅरिस कॉलेज १९२६ चे; दोन्हींच्या मागे त्यांची बुद्धी आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब: एवढ्या चार खुणा कळल्या की सामान्य बुद्धीच्या मुलालाही चिजेचा सांगाडा वाचता येतो.

येथे आमच्यातला कामगार कार्यकर्ता जागा होतो, तो म्हणतो ते सांगितले पाहिजे. साळखात्यातल्या जुन्या विणकराचे कसब त्याच्या बोटांत असते. ते कसब कोणी वहीत उतरवून घेतले की नव्या माणसाला ते लवकर शिकता येते. पण त्याच दिवशी जुन्या विणकराची किंमत उतरते. उस्तादांनी चिजा लपवल्या म्हणून त्यांना कंजूष ठरवणे सोपे आहे. ज्याच्या घराण्याची भाकरी त्या चिजांवर होती, त्याने त्या फुकट का द्याव्यात? वर्गात मध्यमवर्गाची मुले येऊन बसली, आणि ज्या खाँसाहेबांच्या व गाणाऱ्या बायकांच्या घरी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जगली, त्यांपैकी अनेकजण वर्गाच्या बाहेरच राहिले. हे ऋण मान्य करूनच आपण वर्गपद्धतीचे गुण गावे.

आता पद्धतीकडे वळू. पुस्तक आले तसा एक दोषही आला : मुलांना सूर ऐकू येण्याआधीच खुणा पाठ करावयास लावल्या गेल्या. युरोपातही हेच घडले होते. इंग्लंडात सारा ग्लोव्हर या बाईंनी मुलांसाठी एक सोपी स्वरलिपी योजली. १८४१ साली हल येथील रविवारच्या शाळांच्या परिषदेने जॉन कर्वेन या धर्मोपदेशकावर गाणे शिकवण्याची सोपी रीत शोधण्याचे काम सोपवले, तेव्हा त्यांनी ग्लोव्हरबाईंचीच पद्धत उचलून वाढवली. आधी सूर, मग खूण, हे तिचे सूत्र. पुढे प्रत्येक सुराला हाताची एक मुद्रा त्यांनी जोडली. गुरुजींचा हात वर-खाली होई आणि वर्ग गात जाई. वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्त्यांत याच लिपीवर मोठमोठे गायकवृंद उभे राहिले. विसाव्या शतकात हंगेरीच्या कोदायने त्याच मुद्रा आपल्या देशातील शाळांत नेल्या.

आमच्या चाळीत यापैकी काहीच नव्हते, आणि तरी हे सूत्र पाळले जात होते. शाळेत आमचा सूर बेसूर लागे म्हणून बाईंनी सांगितले होते, 'तू नुसते ओठ हलव.' ते दोन शब्द आम्ही अनेक वर्षे बाळगले. परंतु शनिवारी रात्री भजनाला बसलो की बुवा आमच्या हातात टाळ देत आणि म्हणत, 'आधी ठेका धर.' ठेका धरता धरता कान उघडला, कान उघडला तसा सूरही जागेवर येऊ लागला. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतात, तेही असेच शिकतात : ऐकतात, उचलतात, चुकतात, पुन्हा धरतात.

म्हणून गाण्याच्या तासाला करावयाच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. त्रितालाच्या सोळा मात्रा फळ्यावर लिहिण्याआधी हातावर घ्याव्यात : पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. अर्ध्या वर्गाने ठेका धरावा, अर्ध्याने गावे, मग अदलाबदल करावी. सारेगम म्हणताना गंधार मनातल्या मनात म्हणावा आणि मध्यम मोठ्याने. ज्याचा मध्यम जागेवर आला त्याचा गंधारही पक्का झाला समजावे. ओवी, भोंडल्याची गाणी, आजीची जात्यावरची चाल मुलांनी घरून आणावी आणि तिचे स्वर वर्गाने मिळून शोधावेत. स्वरलिपी त्यानंतर यावी. मग ती मुलाला आपल्याच गाण्याचा हिशेब वाटते.

अडचण आहे ती माणसाची. कित्येक शाळांत गाण्याचा तास वेळापत्रकात असतो. परीक्षा जवळ आली की तो गणिताला दिला जातो. ज्यांच्या घरी खाजगी शिकवणीची फी परवडते त्यांचे यात फारसे बिघडत नाही. ज्यांना परवडत नाही त्यांची तेवढीच एक वाट बंद होते. विष्णू दिगंबरांनी १९०१ साली लाहोरात जे दार उघडले, ते आपण अशा रीतीने गुपचूप लावून घेत आहोत.

तेव्हा येथे जमलेल्या पालकांना आमची एवढीच विनंती आहे. आपल्या मुलाच्या शाळेत जावे, गाण्याचा तास खरोखर होतो का, तो कोण घेते हे विचारावे आणि होत नसल्यास चौघांनी मिळून अर्ज करावा. आणि तास होत असेल तर मागच्या रांगेत ओठ हलवत उभ्या असलेल्या मुलाच्या हातात टाळ द्यावयास सांगावे.