कात, कातडं आणि जंत

चरणाऱ्या जनावरांच्या जंतावर झाडपाल्याचा उपाय म्हटलं की वावडिंग, पळसपापडी, कपिला ही नावं पुढे येतात. ती जुनी आहेत, खरीही आहेत. पण आज जगभर शेळ्यामेंढ्यांसाठी ज्या चाऱ्याचा एवढा अभ्यास चाललाय, त्याची कुळी शोधताना मी वैद्याच्या खलबत्त्यापाशी न पोचता थेट कातडं कमावण्याच्या कुंडापाशी पोचलो.

१८०३ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्हीने तुरट वनस्पतींवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. चामड्याच्या धंद्याला ओकच्या सालीवाचून दुसरं काही मिळतंय का, हे बघायचं होतं. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सच्या सुचवण्यावरून त्याने हिंदुस्थानातला कात तपासला, एक मुंबईचा आणि एक बंगालचा. दोन्हींत वजनाच्या निम्म्याच्या आसपास टॅनिन, म्हणजे कातडं कमावणारं तुरट द्रव्य, निघालं, आणि मुंबईचा कात सरस ठरला. मुंबईचा म्हणजे कोकणातल्या खैराचा, असं मी बेधडक धरून चालतो. बंदराच्या पाठीमागेच खैराची रानं होती, आणि कात पाडणारे कातकरीही तिथलेच. डेव्हीची रीत सोपी होती: जिलेटीनच्या पाण्यात तुरट अर्क ओतायचा आणि किती साका बसतो ते तोलायचं. टॅनिन प्रथिनाला घट्ट धरतं. कच्च्या कातड्यात ते उतरलं की कोलॅजनचे तंतू जखडले जातात आणि कुजणारं कातडं टिकाऊ चामडं होतं. आपल्याकडे बाभळीची साल, हिरडा आणि तरवड पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले.

आता जंताकडे येऊ. हेमॉन्कस हा शेळ्यामेंढ्यांच्या चौथ्या पोटात राहून रक्त पिणारा गोल जंत. एक मादी दिवसाला हजारोंनी अंडी घालते. लागण वाढली की पापणीच्या आतली लाली जाते, जबड्याखाली पाणी उतरतं आणि करडं-कोकरं पटापट दगावतात. १९६१ मध्ये थायबेंडाझोल हे औषध आलं, आणि १९६४ मध्येच त्याला दाद न देणारे जंत नोंदले गेले. पुढच्या औषधांचीही तीच गत झाली. या जंताची कातडी मुख्यतः कोलॅजनची असते. म्हणजे कुंडात पडणाऱ्या कातड्याचंच प्रथिन!

हा दुवा उजेडात यायला अमेरिकेच्या दक्षिण भागातलं एक नावडतं झुडूप कारण ठरलं. पूर्व आशियातून गेलेला सेरिसिया लेस्पेडेझा १८९६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात पेरला गेला. पुढे कापसाने झिजलेल्या जमिनी धरून ठेवायला तो सर्रास लावला. गाई मात्र त्याला तोंड लावीनात, कारण तो तुरट. म्हणून अलाबामातल्या ऑबर्नच्या पैदासकारांनी खटपट करून कमी टॅनिनचा वाण काढला, नाव ‘एयू लोटॅन’. आणि एकविसावं शतक उजाडताच जॉर्जिया, ओक्लाहोमाकडच्या संशोधकांना दिसलं, की हाच तुरट पाला खाणाऱ्या शेळ्यांच्या लेंड्यांत जंतांची अंडी कमी पडतात. जो दोष काढण्यात उमेद घालवली, तोच औषधी गुण निघाला.

यावर दुसरा पक्ष आहे, आणि तो लेचापेचा नाही. तो म्हणतो, टॅनिन चाऱ्यातलं प्रथिन पहिल्या पोटात फुटू देत नाही, ते पुढे आतड्यात अंगी लागतं, आणि धष्टपुष्ट शेळी जंत सोसते. हेही घडत असणार. पण लेस्पेडेझा खाल्लेल्या शेळ्यांच्या पोटातून काढलेल्या माद्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा काहींची कातडी आकसलेली, सुरकुतलेली दिसली. साधा चारा खाल्लेल्या शेळ्यांतले जंत तुळतुळीत होते. नुसत्या शेळीच्या ताकदीने जंताला सुरकुत्या पडत नाहीत. तिथे कुंडातलीच क्रिया चालली होती, असं माझं ठाम मत आहे.

मग आकडीने बाभळीचा पाला पाडून शेळ्यांपुढे टाकणारा आपला मेंढपाळ हेच करत आला का? मला ‘हो’ म्हणायला फार आवडलं असतं. पण २००३ मध्ये झिंबाब्वेतल्या संशोधकांनी बोअर शेळ्यांवर दोन बाभळी ताडून पाहिल्या. तिथल्या कारू बाभळीने हेमॉन्कस कमी झाला, आपल्या बाभळीने लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. टॅनिन एका जातीचं नसतं, आणि बाभळीतलं बरंचसं सहज तुटणाऱ्या जातीचं आहे. शिवाय पाला खाणाऱ्या शेळ्यांत जंत कमी दिसले, तरी त्याचं कारण वेगळं असू शकतं: जंताच्या अळ्या दवाच्या ओलीने गवताच्या पात्यावर चढतात, त्याही जमिनीलगत; मान वर करून पाला ओरबाडणाऱ्या शेळीच्या तोंडी त्या लागतच नाहीत. बाभळीपुरता हा खुलासा मी मान्य करतो. लेस्पेडेझाला तो लागू पडत नाही, कारण त्याचा वाळवलेला चारा गोठ्यात कोंडलेल्या शेळ्यांना घातला होता, तरीही अंडी घटली.