वैलावरचे पथ्य

जुन्नरच्या लोलिंबराज वैद्याने सुमारे साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी ‘वैद्यजीवन’ नावाचा जो लहानसा संस्कृत ग्रंथ रचला, त्याची कीर्ती महाराष्ट्राच्या सीमा ओलांडून दूरवर गेली आणि त्यातील योग पिढ्यानपिढ्या वैद्यांच्या मुखी राहिले; परंतु त्यातील काढ्या-चाटणांपेक्षा मला अधिक विचारार्ह वाटत आली आहे ती ही गोष्ट, की ज्वर, अतिसार, क्षय यांची सारी चर्चा हा कवी कोणा शिष्याला किंवा आश्रयदात्या राजाला उद्देशून करीत नाही, तर आपल्या प्रिय पत्नीला, परंपरा जिला रत्नकला या नावाने ओळखते तिला, संबोधून करतो. तिच्या डोळ्यांचे, चालीचे, हास्याचे वर्णन करता करता तो मध्येच सुंठ, गुळवेल आणि नागरमोथा यांची मात्रा सांगून मोकळा होतो. पंडितांनी हा प्रकार कवीची रसिकता म्हणून कौतुकाने पाहिला आणि तिथेच सोडून दिला. मला मात्र त्यात रसिकतेइतकाच व्यवहारही दिसतो. रोगी पथ्याने राहत असेल तर त्याला औषधाचे प्रयोजन काय, आणि पथ्याने राहत नसेल तरी औषधाचा उपयोग काय, अशा आशयाचा जो सुप्रसिद्ध श्लोक याच ग्रंथात आहे, तो ज्याने लिहिला त्याने आपले वैद्यक, पथ्य जिच्या हातून शिजायचे तिच्याच कानी घालावे, यात नवल कसले?

आपल्याकडे दीर्घकाळच्या दुखण्यांचा इतिहास लिहिताना लेखकांनी वैद्याकडे पाहिले, रोग्याकडे पाहिले, प्रसंगी औषधाच्या पुडीकडेही पाहिले. परंतु वैद्याचा हुकूम आणि रोग्याचे ताट या दोहोंमधील अंतर जिने रोज दोन वेळा, वर्षानुवर्षे तुडविले, तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. शास्त्रग्रंथांत मोजमापे आहेत. शार्ङ्गधराच्या संहितेत मंड करावयाचा तर तांदळाच्या चौदापट पाणी, यवागूस सहापट आणि विलेपीस चौपट, असे प्रमाण दिलेले आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौलच्या रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने, ज्याचा समर्थ रामदासांशी स्नेह होता आणि ज्याला पुढे तंजावरच्या एकोजीराजांच्या राणी दीपाबाईंचा आश्रय लाभला, ‘भोजनकुतूहल’ या ग्रंथात धान्ये, भाज्या, दूध-ताक यांचे गुणदोष सविस्तर नोंदविले; भांडारकर संस्थेच्या प. कृ. गोडे यांनी त्या ग्रंथाचे महत्त्व विद्वानांच्या निदर्शनास आणून दिले. पण चौदापट पाण्याचा मंड ढवळीत बसायचे कोणी, हे कोणत्याच ग्रंथात सापडत नाही. आणि शिवकालीन अठरा कारखान्यांत मुदबखखान्याची गणना असली, तरी या राजघरच्या स्वयंपाकघराच्या जमाखर्चाच्या कागदांत धान्य, तूप आणि सरपण लिहिले जाते, श्रम लिहिले जात नाहीत.

ते श्रम समजून घ्यावयाचे तर जुन्या घरातील चुलीकडे पाहिले पाहिजे. मुख्य चुलीच्या अंगाला, तिच्याच जाळावर तापणारा जो वैल असे, तो घरातील आजाऱ्याचा. पुढच्या तोंडावर दहा-पंधरा माणसांची आमटी उकळत असावी आणि वैलावर एका लहान तपेलीत जुन्या तांदळाची पेज, भाजक्या तांदळाचा गुरगुट्या भात, मुगाचे कढण किंवा कोकणात आटवल, असे काहीतरी मंदपणे रटरटत असावे, ही मांडणी इतकी सर्वत्र होती की तिच्याकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारणच नव्हते. पडवळ, दोडका, दुध्या, चाकवत चालेल. वांगे, हरभऱ्याची डाळ, आंबट दही चालणार नाही. मीठ बंद असेल तर सारेच अळणी. वैलाला स्वतंत्र जाळ नसतो, म्हणून पुढचा विस्तव विझला की आजाऱ्याची पेज निवते, आणि म्हणून पथ्याचे माणूस घरात असेल तोवर चूल पूर्ण विझू द्यायची नाही, हा नियम कोणी घालून न देताही पाळला जाई. शिवाय हे सारे सोवळ्यात. डॉक्टरी औषधाच्या बाटलीला मात्र स्वयंपाकघरात प्रवेश नसे. ती बाहेर कोनाड्यात उभी असे, आणि एकाच रोग्याची औषधयोजना कोनाडा व वैल अशा दोन मुलखांत विभागली जाई.

अशा घरात नवराबायकोचे नाते कोणत्या वळणाने जात असेल? पूर्वीच्या एकत्र कुटुंबात पतिपत्नींना दिवसा एकमेकांशी धड बोलण्याचीही मुभा नव्हती. परंतु पती दीर्घकाळ आजारी असला तर त्याच्या ताटाच्या निमित्ताने पत्नीला त्याच्या समोर बसण्याचा, विचारपूस करण्याचा, इतकेच नव्हे तर त्याला दटावण्याचाही अधिकार मिळे. हा अधिकार मोठ्या किमतीचा होता. थेऊरला राजयक्ष्म्याने झिजत 18 नोव्हेंबर 1772 रोजी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी निधन पावलेल्या माधवराव पेशव्यांच्या चरित्रात त्यांच्या पत्नी रमाबाई आपल्याला दिसतात त्या प्रामुख्याने सती जाताना. त्यापूर्वीच्या दुखण्याच्या दीर्घ काळात त्या कशा राहिल्या, हे इतिहासाने आपल्याला जवळजवळ सांगितलेलेच नाही. एका दिवसाच्या चितेची स्मृती राहिली आणि अनेक महिन्यांच्या शुश्रूषेची पुसली गेली, ही वाटणी मला न्याय्य वाटत नाही.

मधुमेहाचा इतिहास या दृष्टीने विशेष बोलका आहे. प्रमेहाच्या रोग्याला जव, म्हणजे आपल्याकडचे सातू, हितकर हे चरक-सुश्रुतांपासून सांगितलेले आहे. पण सुश्रुताने निर्धन प्रमेह्यासाठी जी चिकित्सा सांगितली ती याहून कडक आहे. त्याने पादत्राण आणि छत्री टाकून, भिक्षेवर निर्वाह करीत शंभर योजने चालावे, मुनीसारखे राहावे किंवा विहीर खणावी, अशी ती आज्ञा आहे. रोग्याला घरातून बाहेर काढणारी ही चिकित्सा होय. आणि आहार-आळसाचा रोग घरातच जडला असेल तर तिच्यात तर्कही आहे. पण संसारी गृहस्थ शंभर योजने चालत नाही. तो घरीच राहतो, सातूची भाकरी मागतो, आणि ऋषींनी रोग्याच्या पायांवर टाकलेला भार नकळत गृहिणीच्या हातांवर येतो.

लोकमान्य टिळकांच्या बाबतीत नियतीने ही सारी मांडणीच उलटीपालटी केली. 22 जुलै 1908 रोजी त्यांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली तेव्हा मधुमेह त्यांच्या अंगी होताच. मंडालेच्या तुरुंगात गहू-तांदूळ दूर सारून त्यांना सातूच्या पिठावर आणि दुधावर भर द्यावा लागला, आणि स्वयंपाकासाठी वासुदेव रामराव कुलकर्णी नावाचा सातारा जिल्ह्यातील कैदी देण्यात आला. ज्या तुरुंगात ‘गीतारहस्या’चे हस्तलिखित झाले, तिथेच एक मराठी कैदी दुसऱ्या मराठी कैद्याचे पथ्य रांधीत होता, ही घटना आपल्या चरित्रकारांनी तळटीपेइतकीच मानली; मला ती ग्रंथाच्या सिद्धीला अत्यंत निकटची वाटते, कारण इन्सुलिनपूर्व काळात मधुमेही माणसापाशी आहारनियमनावाचून दुसरे साधनच नव्हते. इकडे पुण्यात सत्यभामाबाई, ज्यांचा संसार 1871 साली सुरू झाला होता, पतीच्या ताटापासून शेकडो कोस दूर राहिल्या, आणि 7 जून 1912 रोजी निवर्तल्या. ती वार्ता मंडालेला तारेने गेली. 1914 च्या जूनमध्ये टिळक सुटून आले ते गृहिणीवाचूनच्या घरात. 1 ऑगस्ट 1920 ला ते गेले, आणि टोरांटोच्या रुग्णालयात मधुमेही मुलाला इन्सुलिनची पहिली सुई टोचली गेली ती जानेवारी 1922 मध्ये.

वैलापुढे बसणाऱ्या बाईने स्वतः लेखणी हाती घेतल्यावर काय दिसते, हे रमाबाई रानड्यांनी 1910 साली प्रसिद्ध केलेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’त पाहावयास मिळते. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांची विद्वत्ता, समाजकार्य, हायकोर्ट हे सर्व त्यात आहेच. पण त्यांच्या ताटात काय वाढले, त्यांनी किती खाल्ले, गोड लागणाऱ्या आंब्याच्या मोजक्या फोडी घेऊन ते हात कसा आवरीत आणि त्यावर विचारले असता जिभेच्या लगामाविषयी काय सांगत, हेही आहे. न्यायमूर्तींच्या अखेरच्या काळातील हृदयविकाराच्या कळा, आणि 16 जानेवारी 1901 ची त्यांच्या मृत्यूची ती रात्र, बाईंनी अशा निकट दृष्टीने पाहिलेली आहे की तशी दृष्टी कोणत्याही डॉक्टरच्या टिपणात येऊ शकत नाही. पुढे 1909 मध्ये पुण्यास सेवासदन निघाले आणि तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या, तेव्हा घरात फुकट आणि अनामिक चाललेल्या विद्येला प्रमाणपत्र आणि पगार मिळू लागला. रमाबाईंच्या चरित्रात हे दोन अध्याय लागोपाठ यावेत, हा मी केवळ योगायोग समजत नाही.

येथवर आजारी पडतो तो पुरुष. स्त्री आजारी पडली की ही सारी व्यवस्था कोसळे, कारण पथ्य रांधणारीच अंथरुणाला खिळलेली असे. मग तिची रवानगी माहेरी होई. तिथे आई किंवा वहिनी वैल सांभाळी, आणि सासरी दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू होई. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात याची दोन्ही टोके शेजारी शेजारी आहेत: रोगी पतीची उपेक्षा करणाऱ्या स्त्रीला तीन महिने दागिने व सामान काढून घेऊन दूर ठेवावे, असे एकीकडे, आणि पत्नी रोगी पण सुशील असेल तर तिची अनुमती घेऊन दुसरी करावी, तिचा अपमान मात्र करू नये, असे दुसरीकडे. अंथरुणावरच्या बाईची अनुमती कशी मिळत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. ही वाट कायद्याने बंद झाली ती मुंबई इलाख्यात 1946 च्या द्विभार्याप्रतिबंधक कायद्याने, आणि सर्व हिंदूंपुरती 1955 मध्ये.

आनंदीबाई जोशींची कथा या नियमाला अपवाद, आणि अपवाद म्हणूनच अधिक करुण. अभ्यास टाकून स्वयंपाकघरात दिसली म्हणून बायकोवर संतापणारा गोपाळराव हा त्या काळचा विचित्रच नवरा. 1883 मध्ये एकटीच अमेरिकेला गेलेली, परक्या थंडीत आपला शाकाहार आणि आपले लुगडे सांभाळणारी ही मुलगी 1886 मध्ये डॉक्टर झाली, आणि क्षय घेऊन परतली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभाग तिची वाट पाहत होता. पुण्यात 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, ती गेली. जिने पथ्याचे शास्त्र शिकून घेतले होते, तिला ते स्वतःसाठी अमलात आणण्यास ना बळ उरले होते, ना अवधी.

क्षयाच्या बाबतीत पुढे आरोग्यधामांचे युग आले. पाचगणीस डॉ. बिलिमोरियांनी 1912 मध्ये, आणि मिरजेजवळ वान्लेस यांनी 1920 मध्ये जी आरोग्यधामे काढली, तिथे हवा, विश्रांती आणि दूध-लोणी-अंडी यांवर भर होता. घरात राहून क्षय बरा होत नाही, हे मत इतके रूढ झाले की ऐपत नसलेली घरे कर्ज काढून रोग्याला डोंगरावर धाडीत, आणि घरी मागे राहिलेली बायको ‘आपल्या चुलीत काही कमी पडले’ हा ठपका मुकाट्याने सोशी. तो ठपका निराधार होता, हे शास्त्राने सांगितले ते बरेच उशिरा. मद्रासच्या क्षयरोग औषधोपचार केंद्रात 193 क्षयरोग्यांपैकी निम्म्यांना आरोग्यधामात आणि निम्म्यांना त्यांच्या गरीब घरीच ठेवून एक वर्ष तीच औषधे देण्यात आली. घरी राहिलेल्या रोग्यांचा आहार निकृष्ट आणि विश्रांती कमी असूनही गुण जवळजवळ सारखाच आला, आणि 1959 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग मारीत होते ते औषध, अन्न नव्हे. मग शतकानुशतकांची ती पेज, ते कढण, ते सातू व्यर्थ का? मधुमेहात तर नव्हेच. आणि क्षयातही, ज्या काळी औषधच नव्हते त्या काळी, माणसाला अंथरुणावर चार महिने अधिक धरून ठेवणे हे त्या तपेलीला साधले असेल तर तेवढ्यावर तिची बाजू मी घेईन. तिच्याकडून रोग बरा करण्याची अपेक्षा करणे हाच मूळचा अन्याय होता.

या विषयाची साधने दफ्तरखान्यात थोडी आणि घरांत पुष्कळ आहेत. आजीच्या ट्रंकेत, देवघराच्या फडताळात, लोणच्या-पापडांच्या कृतींच्या मागच्या पानांवर ‘अमक्याचे दुखणे’, ‘वैद्यांनी सांगितलेले पथ्य’, ‘बारा दिवस मीठ बंद’ अशा मोडीत किंवा बाळबोधीत लिहिलेल्या नोंदी असतात. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशा वह्या असतील त्यांना माझी विनंती आहे की त्या रद्दीत घालू नयेत. कोणी, कोणासाठी, कोणत्या साली लिहिल्या हे घरातील वडीलधाऱ्या बायकांना विचारून पहिल्या पानावर नोंदवावे, आणि स्वतः जपणे शक्य नसेल तर भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या एखाद्या संस्थेच्या स्वाधीन कराव्या.