घरातल्या सगळ्यांसाठी सनस्क्रीन: एसपीएफ, पीए आणि यूव्ही इंडेक्स नेमकं काय सांगतात?

एरवी आपण इथे प्रोसेसर, बॅटरी आणि कॅमेऱ्याचे आकडे कसे वाचायचे ते बघतो. आज पण आकडेच वाचायचे आहेत, फक्त सनस्क्रीनच्या ट्यूबवरचे.

मागच्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा सेलमध्ये घेतलेली एक ट्यूब सोबत नेली होती. म्हटलं, सगळे मिळून वापरतील. आईने ट्यूब उलटसुलट करून विचारलं, "अरे, पन्नास म्हणजे पन्नास मिनिटं का?" बाबांचं ठरलेलं, "आम्ही आयुष्यभर उन्हात फिरलो, काय झालं?" आणि ताई चार महिन्यांच्या भाचीला घेऊन बसली होती, तिचा प्रश्न, "बाळाला लावू का?" इंजिनिअर असून तिघांपैकी एकालाही मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर बसून सगळं वाचलं, त्वचारोगतज्ज्ञांना विचारलं, आणि कळलं की मी घेतलेली ट्यूब घरातल्या निम्म्या लोकांसाठी चुकीची होती.

आधी फोनमधला यूव्ही इंडेक्स बघा

तुमच्या फोनच्या वेदर ॲपमध्ये तापमानाच्या खाली कुठेतरी 'यूव्ही इंडेक्स' असतो. बहुतेक जण तो बघतच नाहीत. ० ते २ म्हणजे कमी, ३ ते ५ मध्यम, ६-७ जास्त, ८ ते १० खूप जास्त आणि ११ च्या पुढे अतितीव्र. ३ किंवा त्याहून जास्त असेल तर काळजी घ्यायची, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल.

हा आकडा आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अतिनील किरण अंगाला गरम लागत नाहीत. जानेवारीत महाबळेश्वरला थंडी वाजत असते, पण निरभ्र दुपारी तिथला यूव्ही इंडेक्स चांगलाच चढलेला असतो, कारण उंचीवर वातावरणाचा थर पातळ होतो. पातळ ढगांतूनही बरेच किरण खाली येतात. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे भर दुपारी इंडेक्स ११ च्या पुढे जाणं नेहमीचंच आहे.

आणखी एक गंमत. सूर्य सर्वात उंच असतो ती वेळ घड्याळातले १२ नाहीत. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून ठरते आणि मुंबई आहे ७३ अंशांच्या आसपास. त्यामुळे मुंबईत खरी मध्यान्ह साधारण १२:४० च्या सुमारास होते, नागपुरात त्याच्या बरीच आधी. ॲप उघडायचा कंटाळा आला तर आपली सावली बघा. सावली तुमच्या उंचीपेक्षा लहान असेल, तर यूव्ही जोरात आहे.

प्ले स्टोअरवर 'फोनने यूव्ही मोजा' म्हणणारी ॲप्स दिसतील. फोनच्या पुढच्या बाजूला ब्राइटनेससाठी जो सेन्सर असतो तो डोळ्यांना दिसणारा प्रकाश मोजतो, अतिनील किरण नाही. २०१४ च्या सॅमसंग गॅलेक्सी नोट ४ मध्ये खरंच यूव्ही सेन्सर होता, पण ते फीचर फार टिकलं नाही. तुमच्या ॲपला दिसणारा आकडा सूर्याची उंची, ओझोन आणि ढग यांवरून काढलेला अंदाज असतो. आपल्या कामाला तो पुरतो.

एसपीएफ म्हणजे मिनिटं नाहीत

आईच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. एसपीएफ सांगतो की त्वचा लाल करणाऱ्या किरणांचा किती हिस्सा आत जातो. एसपीएफ ३० असेल तर साधारण १/३०, म्हणजे ३ टक्क्यांच्या थोडं वर. एसपीएफ ५० असेल तर १/५०, म्हणजे २ टक्के. थोडक्यात ३० वाली सुमारे ९७ टक्के अडवते आणि ५० वाली ९८. ५० च्या पुढच्या आकड्यांसाठी दुप्पट पैसे मोजण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. आणि एसपीएफची बेरीज होत नाही बरं का: ३० ची सनस्क्रीन आणि वर १५ ची फाउंडेशन म्हणजे ४५ नव्हे.

पण एसपीएफ मुख्यतः यूव्हीबी किरणांबद्दल बोलतो. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के वाटा असतो यूव्हीएचा. हे किरण त्वचेत खोल जातात, रंग काळवंडवतात, सुरकुत्या लवकर आणतात आणि साध्या खिडकीच्या काचेतूनही आत येतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असल्यामुळे ती गोऱ्या त्वचेसारखी पटकन भाजत नाही आणि त्वचेचा कर्करोगही आपल्याकडे कमी आढळतो. आपल्याला त्रास होतो तो डागांचा: टॅन, वांग, पिंपल गेल्यावर महिनोन्‌महिने राहणारे काळे ठसे. म्हणून आपल्यासाठी 'पीए' जास्त महत्त्वाचं. ही जपानी पद्धत आहे, पीएच्या पुढे जितकी अधिक चिन्हं तितकं यूव्हीएपासून संरक्षण जास्त. तीन किंवा चार अधिक चिन्हं बघूनच घ्या. पीए छापलेलं नसेल तर निदान 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हवं.

खरी चूक होते ती मापात

एसपीएफची चाचणी करताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावतात. हे किती होतं? चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापर्यंत काढलेल्या दोन रेघा, वजनात साधारण १ ग्रॅम. आपण काय करतो? वाटाण्याएवढं घेऊन सगळीकडे पसरवतो. मग डबीवर ५० लिहिलेलं असलं तरी चेहऱ्यावर त्याच्या निम्मंही उरत नाही.

म्हणून एक साधी टेस्ट. ५० ग्रॅमची ट्यूब, रोज एकदा १ ग्रॅम, म्हणजे ५० दिवस. तुमची ट्यूब दिवाळीला आणलेली आणि होळीला अजून अर्धी शिल्लक असेल, तर तुम्ही सनस्क्रीन लावत नाही आहात, फक्त वास घेताय.

आता खर्चाचं गणित करू, कारण यावर कुणी बोलत नाही. समजा ५० ग्रॅमची ट्यूब ५०० रुपयांना. १ ग्रॅम १० रुपये. घरात चार माणसं, दिवसातून दोनदा, म्हणजे ८ ग्रॅम, ८० रुपये रोज. महिन्याला २४०० रुपये, तेही फक्त चेहरा आणि मान! हे बहुतेक घरांना परवडणार नाही, आणि परवडत नाही म्हणूनच आपण वाटाण्याएवढं लावतो.

त्यावर मी काढलेला मार्ग असा: आधी कापड, मग क्रीम. दाट विणीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, रुंद काठाची टोपी, ओढणी किंवा स्कार्फ, काळी छत्री. कापड उजेडासमोर धरा, आरपार जितकं कमी दिसेल तितकं चांगलं. पातळ पांढरा सुती शर्ट, त्यातून घामाने ओला झालेला, दिसतो त्यापेक्षा बराच कमी अडवतो. एवढं करून जे उघडं राहील त्यालाच सनस्क्रीन, पण तिथे कंजुषी नको. आणि खरेदी करताना ट्यूबची किंमत बघू नका, एका ग्रॅमची किंमत काढा. फोनमध्ये कॅल्क्युलेटर आहेच. साध्या, सुगंध नसलेल्या, मोठ्या पॅकमध्ये येणाऱ्या सनस्क्रीनमध्येही पीए चांगलं असू शकतं, जाहिरातीतल्या महागड्या सीरमवालीच हवी असं नाही.

घरात कोणाला काय

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावायची नाही. त्याची त्वचा फार नाजूक असते. सावली, टोपरं, अंगभर सुती कपडे, आणि दुपारी बाहेर नेणं टाळायचं. ताईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग आजी सांगायची तेच की!" हो, तेच. सहा महिन्यांनंतर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेली, वास नसलेली सनस्क्रीन बरी. ती थोडी पांढरट दिसते, पण त्वचेला आणि डोळ्यांना कमी झोंबते. मुलांच्या तोंडावर स्प्रे मारू नका, तो श्वासातून आत जातो. हातावर घेऊन मग लावा.

शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आयांसाठी एक टीप. ॲव्होबेंझोन नावाचा घटक असलेली सनस्क्रीन कॉलरला लागली आणि तुमच्याकडे लोह जास्त असलेलं बोअरचं पाणी असेल, तर पांढऱ्या गणवेशावर गंजासारखे पिवळे-केशरी डाग पडतात. त्यावर ब्लीच टाकलं तर ते आणखी पक्के होतात.

पिंपल येणाऱ्या तेलकट चेहऱ्याला जेल किंवा पाण्यासारखी पातळ सनस्क्रीन जमते. नवीन ब्रँड आणला की दोन-तीन दिवस आधी कानामागे लावून बघा.

टू-व्हीलरवाल्यांसाठी: हेल्मेटचा पॉलिकार्बोनेटचा वायझर बंद असेल तर तो बहुतेक अतिनील किरण अडवतो. राहतात ते हँडलवरचे हात. बाबांच्या हातांचा रंग मनगटाच्या वर एक आणि खाली एक, ते 'काय झालं?'चं उत्तर तिथेच होतं. त्यांना क्रीम नको होतं, हातमोजे मात्र चालले.

बाबांच्या बाबतीत अजून एक गोष्ट कळली. काही औषधांमुळे त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्यांत असणारं हायड्रोक्लोरोथायझाइड त्यातलंच, आणि पावसाळ्यात लेप्टोपासून बचावासाठी देतात ते डॉक्सिसायक्लिनही. म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची नाही. डॉक्टरांना विचारायचं आणि ऊन सांभाळायचं.

आईची ट्यूब

हे सगळं शोधताना सर्वात महत्त्वाचं जे हाती लागलं ते सनस्क्रीनबद्दल नव्हतंच. आईला गालांवर वांग आहे. चार वर्षांपूर्वी एका मेडिकलवाल्याने तिला "ही लावा, आठ दिवसांत फरक" म्हणून एक ट्यूब दिली होती. फरक खरंच पडला, म्हणून ती लावतच राहिली. मी सहज फोनचा कॅमेरा धरून त्यावरची बारीक अक्षरं मोठी करून वाचली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. शेवटचं स्टेरॉइड आहे. असं औषध डॉक्टर देतात, पण मोजक्या आठवड्यांसाठी आणि लक्ष ठेवून. चार वर्षांत आईची त्वचा पातळ झाली होती, गालांवर लाल शिरा दिसायला लागल्या होत्या, हनुवटीवर लव वाढली होती आणि उन्हात गेलं की चेहरा भाजल्यासारखा होई. ती म्हणायची, "वय झालं माझं." वय नव्हतं ते, ट्यूब होती.

त्वचारोगतज्ज्ञांनी ती टप्प्याटप्प्याने बंद करायला लावली. सुरुवातीचे काही आठवडे चेहरा आणखी लाल झाला, आग व्हायची, दोनदा तिने ट्यूब परत शोधली (मी लपवून ठेवली होती). सोबत टिंट असलेली सनस्क्रीन दिली. वांग वाढवण्यात दिसणाऱ्या प्रकाशाचाही हात असतो आणि तो अडवतात टिंटमधले आयर्न ऑक्साइड. मी आणलेली पारदर्शक जेल त्यासाठी उपयोगाची नव्हती. म्हणून तुम्ही पण आज एक काम करा. घरात आई, मावशी, बहीण कुणी 'गोरं होण्याची' किंवा 'डागांची' ट्यूब लावत असेल, तर तिचा फोटो काढून घटक वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही दिसलं तर सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. एकदम बंद करायला लावू नका.

व्हिडिओ बघून चेहऱ्याला लिंबू चोळून उन्हात जाणाऱ्यांना पण आवरा. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की फोड येऊन काळे चट्टे पडतात. खोबरेल तेल किंवा चंदनाचा लेप सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाही.

लावायचं कसं

मॉइश्चरायझर आधी, सनस्क्रीन नंतर, मेकअप त्याच्यावर. बाहेर पडायच्या १५ मिनिटं आधी. कान, मानेची मागची बाजू आणि पायांचे पंजे हमखास विसरतात. उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत लावायची, घाम पुसला किंवा पोहून आलात तर लगेच. 'वॉटर रेझिस्टंट'चा अर्थ ४० किंवा ८० मिनिटं पाण्यात टिकते एवढाच. फोनवर दोन तासांचा रिपीट अलार्म लावा. फक्त फिंगरप्रिंट लॉक आधी उघडून ठेवा, क्रीमच्या बोटांनी तो वैताग देतो. दिवसभर ऑफिसात असाल आणि खिडकीपासून लांब बसत असाल, तर सकाळी एकदा पुरे.

घेताना उत्पादनाची तारीख, मुदत आणि लायसन्स नंबर छापलेला आहे ना ते बघा. उघड्या डबीच्या चित्रात '१२ एम' असेल तर उघडल्यावर १२ महिने. आणि ट्यूब गाडीच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात तिथे जी उष्णता असते त्यात क्रीम फाटतं, पाणी वेगळं आणि तेल वेगळं. तशी झालेली ट्यूब हलवून परत वापरायची नाही, टाकून द्यायची.