श्रीसाईबाबांचें जन्मस्थान व धर्म : उपलब्ध साधनांचा विचार

शिर्डीचे श्रीसाईबाबा समाधिस्थ होऊन शंभरांवर वर्षें लोटलीं, तरी त्यांचा धर्म कोणता व जन्म कोठला हा वाद वृत्तपत्रांतून शमलेला नाहीं. जून २०१४ मध्यें द्वारकेच्या शारदापीठाचे शंकराचार्य स्वामी स्वरूपानंद सरस्वती यांनीं, साईबाबा देव नव्हत, ते मुसलमान होते, सबब हिंदूंनीं त्यांची पूजा करूं नये, असा पुकारा केला. त्याच वर्षीं ऑगस्टांत कवर्धा येथें भरलेल्या धर्मसंसदेनें त्यास ठरावाचें रूप दिलें. भक्तमंडळींनींही उलट तक्रारी गुदरल्या. एप्रिल २०१६ मध्यें तर महाराष्ट्रांतील अवर्षणाचें खापर स्वामींनीं साईपूजेवर फोडलें. दुर्गादेवीचा दुष्काळ बाबांच्या पूर्वीं सुमारें साडेचारशें वर्षें पडून गेला होता, हें त्या वेळीं आमच्या वाचकांच्या मनांत आल्यावांचून राहिलें नसेल. स्वामी २०२२ सालीं निवर्तले. वाद निवर्तला नाहीं. २०२४ सालीं काशींतील कांहीं देवालयांतून बाबांच्या मूर्ति हलविण्यांत आल्या.

दरम्यान जानेवारी २०२० मध्यें वादास दुसरेंच तोंड फुटलें. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीं परभणी जिल्ह्यांतील पाथरी हें बाबांचें जन्मस्थान म्हणून उल्लेखून तेथील विकासासाठीं १०० कोटी रुपये जाहीर केले. आणि १९ जानेवारीस शिर्डी गांवानें बंद पाळला. समाधिमंदिर उघडें, बाजार मात्र मिटलेला, असा देखावा त्या दिवशीं होता. पाथरीकरांस पैसा मिळूं नये असें शिर्डीकरांचें म्हणणें नव्हतें. 'जन्मस्थान' या एका शब्दास त्यांची हरकत होती. तेव्हां हा वाद आतां नुसता पंडिती राहिलेला नाहीं. सरकारी तिजोरी, गांवची रोजी आणि देवळांतील मूर्ति यांवर त्याचा परिणाम घडत आहे. अशा प्रसंगीं कोण काय म्हणतो यापेक्षां कोणता कागद काय म्हणतो, आणि तो केव्हां लिहिला गेला, हें पाहणें अगत्याचें आहे.

अस्सलपणाच्या दृष्टीनें आम्ही पहिला मान अमरावतीचे गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांच्या रोजनिशीस देतों. खापर्डे डिसेंबर १९१० मध्यें आठवडाभर, व पुढें डिसेंबर १९११ पासून मार्च १९१२ पर्यंत शिर्डीस राहिले. लिहिणारा कायदेपंडित, लोकमान्यांचा सहकारी, आणि लिहिणें रोजच्या रोज; यामुळें तींत नंतरच्या आठवणीचा रंग फार थोडा. बाबा आपल्या पूर्वायुष्याच्या म्हणून ज्या गोष्टी सांगत त्या खापर्ड्यांनीं नोंदल्या आहेत. पण त्या बहुतेक पूर्वजन्मींच्या व दृष्टांताच्या थाटाच्या असल्यामुळें त्यांवरून जन्मपत्रिका मांडूं पाहणें म्हणजे ओव्यांवरून जमाबंदी काढण्यासारखें आहे.

दुसरें साधन गोविंद रघुनाथ दाभोळकर ऊर्फ हेमाडपंत यांचें श्रीसाईसच्चरित. तें १९३० सालीं, म्हणजे ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. हेमाडपंतांनीं बाबांचें दर्शन प्रथम १९१० मध्यें घेतलें, आणि जुन्या मंडळींस विचारण्याची संधि त्यांस भरपूर होती. तरी बाबांचे आईबाप, जन्म व जन्मस्थान कोणासही ठाऊक नाहीं, असें ते स्वच्छ लिहितात. हिंदू म्हणावें तर राहणें मशिदींत, मुसलमान म्हणावें तर कान टोंचलेले व मशिदींत अखंड धुनी, अशी दोन्ही अंगें मांडून ते निर्णय देण्याचें टाळतात. चमत्कार सांगतांना ज्या लेखणीस संकोच नाहीं, ती येथें आंखडते; ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. पोथीकारास आपल्या नायकाचें कूळ सजविण्याचा मोह सहज होतो. तो येथें आवरलेला आहे.

तिसरें साधन विलक्षण आहे. चोरीच्या दागिन्यांसह सांपडलेल्या एका इसमानें धुळ्याच्या न्यायालयांत, हे दागिने मला शिर्डीच्या साईबाबांनीं दिले, असा बचाव घेतला. बाबांस साक्षीचें समन्स निघालें. परंतु भक्तांच्या विनंतीवरून अखेर कमिशन नेमून शिर्डीसच त्यांची जबानी घेण्यांत आली. नरसिंहस्वामी १९३६ सालीं शिर्डीस आले व त्यांनीं भक्तांच्या हकीकती जमविल्या. हा मजकूर त्यांच्याच संग्रहामुळें आपणांपर्यंत आला आहे. नांव विचारतां बाबांनीं लोक साईबाबा म्हणतात असें सांगितलें, आणि बापाचें नांवही तेंच दिलें. गुरूचें नांव व्यंकुशा, पंथ कबीराचा, जात परवरदिगार, वय लाखों वर्षें. दागिने दिले काय, यावर, दिले. पण कोण कोणास काय देतो, अशा आशयाचें उत्तर मिळालें. अशा जबानीवर निकाल तो काय लागणार! आरोपीचा बचाव ढांसळला तो बाबांच्या उत्तरांनीं नव्हे, तर गांवांत येणाऱ्या परक्या माणसांच्या नोंदीवरून. तात्पर्य, आज धर्मसंसद व वृत्तपत्रें जो प्रश्न विचारीत आहेत तो सरकारी अंमलदारानें खुद्द बाबांस समोर बसून विचारला होता, आणि त्या रकान्यांत त्यांनीं कोणतीही रूढ जात भरूं दिली नाहीं.

चौथें साधन हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं विशेष लक्षांत घ्यावें असें आहे. नांदेडकडून आलेले अब्दुलबाबा हे बाबांच्या सेवेंत वर्षानुवर्षें होते, व १९५४ पर्यंत हयात होते. बाबांच्या मुखांतून निघालेलें ते उर्दू वहींत टिपून ठेवीत. या वहीचा इंग्रजी तर्जुमा मेरिअन वॉरेन यांच्या १९९९ च्या ग्रंथांत आला. त्यांत सूफी परंपरेचा मजकूर भरपूर आहे. मराठी चरित्रांवरच विसंबणाऱ्यांनीं ही वही बाजूस सारणें योग्य नाहीं. पण तीवरून बाबांची विद्या व सहवास कळतो, जन्म कळत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

आतां पाथरीचा पक्ष. बाबांनीं म्हाळसापतींस आपण पाथरीचे ब्राह्मण असून बालपणीं एका फकिराच्या स्वाधीन झालों असें सांगितलें, हा त्याचा मुख्य आधार. म्हाळसापति हे शिर्डीच्या खंडोबाचे पुजारी व बाबांच्या रात्रंदिवस सहवासांतले, तेव्हां साक्षीदार उत्तम. पण ते १९२२ सालीं वारले आणि त्यांचें म्हणणें नरसिंहस्वामींच्या द्वारें आपणांस मिळतें. त्यानंतर १९७० च्या दशकांत विश्वास खेर यांनीं पाथरीस शोध करून भुसारी घराणें व त्यांचें घर येथवर मजल नेली. क्रम पाहावा : १९१२ च्या रोजनिशींत दृष्टांत, १९३० च्या पोथींत अज्ञान, पुढें गांव व जात, त्यापुढें घराणें व घर. काळ जसजसा लांबतो तसतशी माहिती वाढते, हें बखरींच्या अभ्यासकांस नवीन नाहीं. यावरून पाथरीची कथा खोटी ठरत नाहीं. तिला संभाव्य म्हणावें, सिद्ध म्हणूं नये, इतकाच आमचा आग्रह आहे.

शिवाय पाथरीच्या बाबतींत एक जुनी गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळपुरुष मलिक हसन हा मूळच्या पाथरीच्या कुळकर्णी ब्राह्मण घराण्यांतला असून पुढें मुसलमान झाला, असें फिरिश्ता सांगतो. आणि त्या वतनाच्या अभिमानानें बुऱ्हाण निजामशहानें इमादशहाशीं पाथरीसाठीं झगडा केला. पाथरीचा ब्राह्मणपुत्र यवनांच्या हातीं वाढून नगर प्रांतीं थोर पदास चढतो, ही कथा तर त्या मुलखांत साडेतीनशें-चारशें वर्षें आधींच रुजलेली होती. दोहोंचा संबंध जोडण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. तथापि साम्य पाहून सावध व्हावें.

बाबांच्या समकालीनांनीं हा प्रश्न कसा हाताळला तेंही पाहूं. १५ ऑक्टोबर १९१८ रोजीं, विजयादशमीस, बाबांनीं देह ठेवला, तेव्हां देह कोठें ठेवावा यावर गांवांत दोन तट पडले. मुसलमान भक्तांचें म्हणणें मोकळ्या जागेंत दफन करावें. इतरांचें म्हणणें, नागपूरच्या बापूसाहेब बुटींच्या नव्या वाड्यांत. सुमारें छत्तीस तास हा तिढा चालला. कोपरगांवचे मामलेदार आले, त्यांनीं मतें घेतलीं, व वाड्याच्या बाजूस दुपटीहून अधिक मतें पडलीं. बाबा कोण होते, हा मुद्दा मामलेदारांनीं निर्णयास घेतलाच नाहीं. देह दफनच झाला, तो वाड्यांत. पुढें त्या वाड्याचेंच समाधिमंदिर झालें.

वरील साधनांपैकीं जबानी व १९१८ चें मतदान या दोन्ही सरकारी कामकाजाच्या बाबी आहेत, आणि भक्तांच्या कथनापेक्षां त्यांचे मूळ कागद अधिक मोलाचे. धुळ्याच्या फौजदारी दफ्तरांतील त्या खटल्याचे कागद, कोपरगांव कचेरीकडील त्या दोन दिवसांचा पत्रव्यवहार, किंवा पाथरी परगण्यांतील भुसारी घराण्याच्या मोडी वंशावळी, यांपैकीं कांहीं कोणा संग्राहकाकडे असल्यास त्यांनीं त्याची नक्कल, कागदाच्या मापाचा व शिक्क्याचा उल्लेख करून, या त्रैमासिकाकडे धाडावी. मजकूर बाबांच्या कोणत्या बाजूचा निघतो याची चिंता न करतां आम्ही तो जसाच्या तसा छापूं.