जवारी : ताटातली आणि तंबोऱ्यातली

आमच्या लातूरकडे 'जवारी' म्हटले की माणसाला भाकरी आठवते. रब्बीचे शेत, चुलीवरून उतरलेली पापुद्रा सुटलेली भाकरी आणि तिच्या पोटावर ठेचा, एवढे सारे त्या तीन अक्षरांत येऊन बसते. त्यामुळे गाण्याच्या बैठकीत कोणी जाणकार तंबोरा कानाशी धरून "जवारी बिघडली आहे हो" असे म्हणाला, तर आमच्याकडचा नवखा श्रोता पोटावर हात फिरवील यात नवल नाही.

तंबोऱ्यातली ही जवारी म्हणजे मोठी मौजेची वस्तू आहे. भोपळ्याच्या तबकडीवर जी रुंद घोडी बसवलेली असते, तिचा माथा वरवर पाहता सपाट दिसतो. पण तो कानशीने घासून अगदी किंचित उतरता केलेला असतो. छेडलेली तार त्या उतारावर एकाच बिंदूपाशी न थांबता पुन्हा पुन्हा टेकते, घासते, सुटते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवतात. तो धागा केसभर पुढेमागे करीत गेले की एका जागी ठोंबी तार एकदम झणकारून उठते आणि तिच्या पोटातले बारीक बारीक सूर बाहेर पडू लागतात. जवारी म्हणजे 'जीव देणारी' असा अर्थ जाणकार सांगतात, तो अशा वेळी पटतो. आता एखाद्या पाश्चात्य वाद्यकाराच्या हाती हीच घोडी दिली तर तो म्हणेल, "तार घोडीला लागून खरखरते आहे, हा तर दोष!" आणि त्याच्या वाद्यापुरते त्याचे म्हणणे खोटे नाही. गिटारची तार अशी खरखरली तर तो बिघाडच समजतात.

या दोषाने एका थोर शास्त्रज्ञालाही कोड्यात टाकले होते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्यावर एक लेख लिहिला. तार ज्या जागी छेडावी, तिथे ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू असेल ते उपस्वर उमटू नयेत, असा युरोपातल्या पंडितांनी घालून दिलेला नियम होता. रामन यांना आढळले की आपला तंबोरा तो नियम मुळीच जुमानत नाही. उमटू नयेत ते सूरही तो खुशाल ऐकवतो. ही सारी किमया त्या घासलेल्या घोडीची.

महाराष्ट्रात ही किमया मिरजेला वसली. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब नावाच्या कारागिराने तिथे तंतुवाद्ये करायला आरंभ केला. घराणे शिकलगारांचे, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारांचे. संस्थानांच्या लढाया संपल्या, शस्त्रांची गिऱ्हाइके आटली, आणि धार लावणारे हात घोडी घासू लागले. कानस तीच, काम तेवढे बदलले. इतिहासाच्या पुस्तकांत राज्ये बुडाल्याच्या तारखा असतात. पण राज्य बुडाल्यावर शिकलगाराने संध्याकाळी चूल कशी पेटवली हे क्वचित सापडते. इथे ते सापडते, म्हणून मला मिरजेचा हा इतिहास फार प्रिय आहे. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले. ते गवई तर होतेच, शिवाय वाद्य स्वतःच्या हाताने दुरुस्त करण्यातही वाकबगार होते. तंबोऱ्याचे भोपळे येतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

मिरज आणि लातूर हे एकाच रुळाचे भाऊबंद. बार्शी लाइट रेल्वेची ती अरुंद गाडी कुर्डुवाडी-पंढरपूरवरून दोन्ही गावे जोडीत असे. पुढे रूळ रुंद झाले, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरच्या नळांना कोरड पडली तेव्हा त्याच वाटेने मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. स्टेशनावर ती पाहायला माणसे लोटली होती. तेव्हा मिरजेने आम्हा लातूरकरांना आधी सूर पाजले आणि मग पाणी, असे म्हणायला हरकत नसावी. असो.

हे सारे आठवायला निमित्त झाले ते माझ्या पुतण्याच्या एका डबीचे. पण त्याआधी त्या डबीची जन्मकथा सांगितली पाहिजे, कारण ती जवारीची दूरची बहीण शोभते.

अमेरिकेत नॅशव्हिल गावी मार्टी रॉबिन्स या गायकाचे 'डोन्ट वरी' हे गाणे ध्वनिमुद्रित होत होते. ग्रेडी मार्टिन हा वादक साथीला होता. मुद्रणयंत्राच्या एका भागात बिघाड झाला आणि त्याच्या वाद्याचा सूर फाटून, गुरगुरत बाहेर पडला. वास्तविक तो तुकडा पुसून पुन्हा वाजवायचा; पण तो तसाच ठेवला गेला आणि १९६१ साली गाणे बाजारात येऊन गाजले. मग इतरांनाही तोच फाटका सूर हवासा झाला! ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने तो बिघाड ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने मुद्दाम घडवून आणणारे मंडल तयार केले, आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने 'मायस्ट्रो फझ-टोन' या नावाने पायाने चालू-बंद करायची डबी विकायला काढली. प्रथम तिला फारसे कोणी विचारीना. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स या मंडळीचे 'सॅटिस्फॅक्शन' गाणे आले, त्यात कीथ रिचर्ड्सने ती वाजवली, आणि मग दुकानांत डबी मिळेनाशी झाली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये 'फझ फेस' नावाची वाटोळी डबी निघाली. तिच्यात अवघे दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि नऊ व्होल्टची एक बॅटरी.

माझा पुतण्या लातूरच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. लग्नसराईत त्याची चार महिन्यांची कमाई होते, तीवर वर्ष निघते. त्याने पुण्याहून जुन्या बाजारातून याच जातीची एक डबी आणली. माघात ती छान गुरगुरली. चैत्र लागला आणि भर वरातीत तिचा गळा दाटू लागला : सूर निघे, अर्ध्यात तुटे, आणि मग नुसते फुरफुरणे. दोन मालकांनी पुढच्या तारखा दुसऱ्याला दिल्या. गंजगोलाईच्या सोळाही रस्त्यांवर विचारून झाले, जो तो म्हणे, "नवी घ्या." शेवटी आम्ही एस.टी.ने नांदेड गाठले.

वजिराबादेतल्या एका बोळात रेडिओ दुरुस्त करणारे वृद्ध गृहस्थ आहेत. सारे त्यांना चाचा म्हणतात. २००८ साली गुरुता गद्दीचा तीनशेवा सोहळा नांदेडात झाला, तेव्हा गावभर लागलेल्या कर्ण्यांपैकी काहींची निगा त्यांच्याकडे होती, हे ते आजही अभिमानाने सांगतात. त्यांनी डबी उघडली, आत पाहिले आणि हसले.

"अरे बेटा, हा तर आपला एसी १२८! आमच्या रेडिओतला."

साठीच्या दशकात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने जर्मेनियम ट्रान्झिस्टर बनवायला घेतले आणि ते घरोघरच्या रेडिओंत गेले. तोच माल परदेशातल्या गिटारच्या डब्यांतही बसे. चाचांनी मीटर लावला. पहिला ट्रान्झिस्टर अर्धमेला होता. आधीच्या मालकाने केव्हातरी पुरवठा उलटा जोडला असावा. दुसरा जिवंत होता, पण फार 'गळत' होता. जर्मेनियमचा हा जन्मजात स्वभाव आहे : बंद असला तरी त्यातून थोडी वीज झिरपते, आणि ऊष्मा दहा अंशांनी वाढला की ती झिरप जवळजवळ दुप्पट होते. या डबीत दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे साडेचार व्होल्टच्या आसपास दाब असावा लागतो. तेवढा असला की सूर फाटतो पण तुटत नाही. लंडनच्या हवेत बसवलेले हे माप वैशाखातल्या मराठवाड्यात, पारा चाळिशी ओलांडून गेल्यावर, जागेवर कसे राहावे?

"मास्तर, ही आजारी नाही," चाचा मला म्हणाले, "हिला ऊन बाधलंय."

एक सोपा उपाय होता. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर घालायचे. त्यांना ऊन बाधत नाही. परदेशी कारखान्यांनीही साठीच्या दशकाच्या अखेरीस तेच केले होते. चाचांनी तसे करून ऐकवलेही. आवाज ठणठणीत, पण तिखट. पुतण्याचा चेहरा पडला. मला विचाराल तर लग्नाच्या वरातीत हा फरक ओळखणारे कान किती, अशी शंका माझ्या मनात आली होती. पण वाजवणारा तो होता आणि रोजी त्याची होती, म्हणून मी गप्प राहिलो.

मग चाचांनी फळीवरून बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात जुन्या रेडिओंतून काढून ठेवलेले अकरा एसी १२८ होते. त्यांनी एकेक मीटरवर चढवला, गळती किती, जोर किती ते खडूने पाटीवर लिहिले. अकरांत तीन पसंतीस उतरले. त्यांपैकी कमी जोराचा पहिल्या जागी, जास्त जोराचा दुसऱ्या जागी. वाळून गेलेला एक कपॅसिटर बदलला, खरखरणारी कळ साफ केली. आणि जिथे एक ठरावीक रोध होता तिथे फिरता रोध बसवून त्याची मूठ डबीच्या बाहेर काढली. मीटर साडेचारवर आणला. मग केस वाळवायचे यंत्र आणून डबीवर गरम हवा सोडली. आकडा सरकू लागला, सूर दाटला. चाचांनी मूठ जराशी फिरवली. सूर मोकळा झाला. मला त्या क्षणी तंबोऱ्यातला सुताचा धागाच दिसला; तोही हवा पालटली की असाच केसभर हलवावा लागतो.

मुठीभोवती त्यांनी पांढऱ्या रंगाने तीन ठिपके दिले : सकाळ, दुपार, रात्र.

"आकडा मीटर सांगेल," ते म्हणाले, "पण शेवटचं कानानं लाव."

मजुरी त्यांनी तीनशे रुपये घेतली. ट्रान्झिस्टरचे पैसे घेतले नाहीत. वैशाखात उदगीरच्या एका वरातीत भर दुपारी ती डबी दोन तास वाजली. पुतण्याने मूठ दोनदा फिरवली एवढेच. त्यानंतर त्याच्या ओळखीचे आणखी दोघे वादक आपापल्या डब्या घेऊन नांदेडला जाऊन आले. एकाचे काम झाले. दुसऱ्याला चाचांनी सिलिकॉन घालून परत पाठवले, कारण बिस्किटाच्या डब्यात आता उरले आहेत ते सगळे गळणारे.