सेन्सरचा आकडा उड्या का मारतो? चिखलदऱ्याच्या कॉफीपासून खोडदच्या दुर्बिणीपर्यंत

चिखलदरा म्हटलं की गाविलगड, भीमकुंड आणि धुकं आठवतं. पण महाराष्ट्रात कॉफीची झाडं असलेल्या मोजक्या ठिकाणांतही हे गाव येतं. समजा, तिथली कॉफी भाजायला कुणी घरीच छोटं यंत्र बनवलं. तापमानासाठी थर्मोकपल, आकडे वाचायला मायक्रोकंट्रोलर आणि एक डिस्प्ले. सगळं जोडलं, तर ड्रम स्थिर तापलेला असूनही आकडा २०० वरून २२०, मग १९०! कॉफी हलकी भाजली की करपली, याचा निकाल साधारण याच २०-२५ अंशांत लागतो.

अशा वेळी बरेच जण आधी थर्मोकपल बदलतात. दोष बऱ्याचदा डिजिटल बसचा असतो. बस म्हणजे एसटी नव्हे, तर चिप एकमेकींना माहिती पाठवतात त्या सामाईक तारा.

के-टाइप थर्मोकपल एका अंशामागे जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देतं. शेजारची बस मात्र ० आणि ३.३ व्होल्टमध्ये काही नॅनोसेकंदांत उड्या मारते. त्यातला १ मिलिव्होल्ट जरी थर्मोकपलच्या वाटेत घुसला, तरी चूक होते सुमारे २४ अंशांची.

तो घुसतो कसा? शेजारच्या तारेतून येतोच, पण खरा चोरदरवाजा म्हणजे ग्राउंड. ग्राउंड म्हणजे शून्य व्होल्ट, असं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात तेही तांबंच, त्यालाही थोडा रोध आणि इंडक्टन्स असतो. एकाच पाइपलाइनवर शेजाऱ्याने नळ सोडला की आपली धार बारीक होते ना, तसंच. बसचा करंट त्या तांब्यातून परतला की सेन्सरचं ‘शून्य’च हलतं.

हीच अडचण कितीतरी मोठ्या प्रमाणावर पुणे जिल्ह्यात खोडदच्या जीएमआरटीला आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातले अतिक्षीण रेडिओ संकेत टिपतात, आणि ते हाताळणारी डिजिटल यंत्रणा स्वतःच रेडिओ गोंगाट करते. म्हणून ही यंत्रणा धातूच्या कवचाच्या खोल्यांत ठेवली जाते. अँटेनांचे संकेत मध्यवर्ती इमारतीत येतात ऑप्टिकल फायबरने. प्रकाशाच्या वाटेवर ग्राउंडची भानगडच नाही.

घरच्या यंत्राला एवढं लागत नाही. बसच्या तारा सेन्सरपासून लांब ठेवा, ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात. दोघांच्या खाली सलग ग्राउंड प्लेन द्या, पण बसचा परतीचा करंट सेन्सरखालून जाऊ देऊ नका. बसवर, पाठवणाऱ्या चिपजवळ, ३३ ते १०० ओहमचा रेझिस्टर लावला की उड्या थोड्या मवाळ होतात. प्रत्येक चिपच्या पायाला खेटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र प्रोग्रॅममध्ये आहे: तापमान वाचताना डिस्प्लेला काहीही पाठवू नका. नुसती सरासरी काढून भागत नाही. बसचा ठोका आणि वाचन एका तालात असेल तर चूक दर वेळी तीच येते, आणि सरासरीही चुकीचीच निघते.

दोष नेमका कुठे आहे, ते थर्मोकपल काढून त्याच्या जागी तारेचा छोटा तुकडा जोडल्यावर कळतं. आकडा खोलीच्या तापमानावर स्थिर राहायला हवा. तरीही नाचला, तर गोंगाट पट्टीवरच आहे. आता डिस्प्लेला पाठवणं बंद करून पुन्हा वाचा. आकडा शांत झाला, तर चोर बसच.